आधी पत्रा, मग लाकूड

वाचकाचं पत्र: आम्ही नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला राहतो. आम्ही दोघं आणि आठ वर्षांची मुलगी. जुनी शाळेची बस घेऊन तिचं घर करायचं, सुट्ट्यांत त्यातून हिंडायचं आणि पुढे वर्षभर त्यातच राहून पाहायचं, असं ठरवलंय. ओहायोतल्या एका लिलावात २००१ सालची ३५ फुटी इंटरनॅशनल बस ४,२०० डॉलरला मिळतेय. इंजिन टी ४४४ ई, गिअरबॉक्स ॲलिसन एटी ५४५, आतली उंची सहा फूट. फोटोत तळ अगदी कोरडा दिसतो. नवऱ्याची उंची पाच फूट अकरा इंच, आणि त्याला सुतारकाम उत्तम येतं. ओकची कपाटं, ग्रॅनाइटचा ओटा, टाइल लावलेली न्हाणी, सगळं हातानं करायचंय. खिडक्या सगळ्या ठेवायच्या आहेत. स्वयंपाक आपला रोजचा, फोडणी-पोळ्यांचा; गॅस घ्यावा की इंडक्शन? बजेट ३०,००० डॉलर. सासूबाई (वय ७१) मे महिन्यात साताऱ्याहून येतील. शनिवार-रविवार खपून सहा महिन्यांत बस तयार होईल का?

नमस्कार,

ही बस घेऊ नका. ४,२०० डॉलर जास्त आहेत म्हणून नव्हे. पुढे लागणारा खर्च फोटोत दिसत नाही म्हणून.

ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात. ते मिठाळ पाणी वीस वर्षं बसच्या पोटाला लागलेलं असतं. तेच पाणी मुलांच्या बुटांबरोबर आतही येतं. शाळेच्या बसच्या तळाला सगळ्यात खाली पोलादी पत्रा असतो, त्यावर अर्धा-पाऊण इंचाचं प्लायवूड आणि त्यावर काळं रबर. तुम्ही पाहिला तो कोरडा तळ म्हणजे हे रबर. खिडक्यांच्या खालच्या कडेतून झिरपलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरतं आणि प्लायवूडमध्ये जिरून राहतं. रबर वरून झाकतं, त्यामुळे ते सुकत नाही. पत्रा वरून आणि खालून असा दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. रबर उचलल्याशिवाय किंवा बसखाली आडवं झाल्याशिवाय हे कळत नाही.

दुसरं, गिअरबॉक्स. टी ४४४ ई हे ७.३ लिटरचं व्ही-८ इंजिन वाईट नाही. त्याचा कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर अचानक जातो आणि इंजिन चालता चालता बंद पडतं, पण हा भाग स्वस्त आहे, एक जादा जवळ ठेवला की झालं. अडचण एटी ५४५ ची आहे. त्याच्या टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाला) लॉक-अप, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, नाही. चढावर इंजिनाची ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तेल तापतं. उतारावर इंजिनाचा ब्रेक जवळपास मिळत नाही, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. सपाट गावात मुलं नेण्या-आणण्याला हा गिअरबॉक्स पुरतो. तुम्ही मात्र सुट्टीत डोंगरातल्या ॲशव्हिलकडे जाणारच, म्हणजे आय-४० महामार्गावरचा ओल्ड फोर्टचा घाट आलाच. सुमारे सहा टक्क्यांचा तो चढ काही मैल सलग आहे. तिथे या गिअरबॉक्सचं तेल २५० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की त्याचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. असा गिअरबॉक्स पदरी आलाच तर मोठा ऑइल कूलर आणि तेलाच्या तापमानाचा काटा आधी बसवावा लागतो.

तिसरं, उंची. सहा फुटी छताच्या बसमध्ये तळाचं आणि छताचं इन्सुलेशन घातलं की साधारण दोन इंच जातात. उरतात पाच फूट दहा इंच. तुमच्या नवऱ्याला घरात वर्षभर मान वाकवून वावरावं लागेल. छत उचलता येतं, पण त्यासाठी खिडक्यांमधला प्रत्येक खांब कापून मध्ये पोलादी तुकडा जोडावा लागतो. बस उलटली तरी छत टिकावं, यासाठी शाळेच्या बसना एफएमव्हीएसएस २२० हे अमेरिकेचं संघीय वाहनसुरक्षा मानक १९७७ पासून लागू आहे. बसच्या वजनाच्या दीडपट भार छतावर ठेवला तरी ते ठरावीक मर्यादेपेक्षा दबता कामा नये, असं ते सांगतं. ही ताकद त्या कमानी आणि खांबांत आहे. पहिल्याच बसवर, अनुभवी वेल्डर सोबत नसताना, ते कापायला घेऊ नका.

मग घ्यायची कोणती? छत ७७-७८ इंचांचं हवं, म्हणजे काम संपल्यावर सव्वासहा फूट उरतात. इंजिन डीटी ४६६ किंवा कमिन्स ५.९ पाहा. डीटी ४६६ मध्ये सिलिंडरच्या आतली नळी बदलता येते, त्यामुळे इंजिन बसमधून न काढता नव्यासारखं करता येतं. कमिन्स ५.९ असेल तर १९९८ पर्यंतचं बारा व्हॉल्व्हचं उत्तम. त्यानंतरच्या काही वर्षांच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनांत व्हीपी ४४ नावाचा इंधनपंप दगा देतो, आणि ब्लॉकवर ५३ आकडा ओतलेला असेल तर ब्लॉकला चीर जाण्याचा धोका असतो. गिअरबॉक्स ॲलिसन एमटी ६४३, नाहीतर २००० किंवा ३००० मालिकेतला. २००७ नंतरच्या डिझेल बसमध्ये धूर गाळणारे फिल्टर आले, त्यांची दुरुस्ती महाग पडते. मॅक्सफोर्स इंजिन तर सरळ टाळा. व्हीलचेअरची लिफ्ट असलेली बस मिळाली तर जरूर पाहा. तिला बाजूनं रुंद दार असतं, बऱ्याचदा एसी असतो, आणि सासूबाईंसाठी ती लिफ्ट पुढेही उपयोगी पडेल.

शोध दक्षिणेत घ्या. तुमच्या राज्याच्या सखल पूर्व भागातली, दक्षिण कॅरोलिना-जॉर्जियातली बस चालेल, मात्र समुद्रकाठाची नको. गव्हडील्स आणि पब्लिक सरप्लस या लिलावांच्या साइटवर शाळा जिल्हे थेट विकतात, आणि त्यांच्याकडे प्रत्येक बसची दुरुस्तीची वही असते. ती मागून घ्या. जाताना हातोडी, पेचकस, टॉर्च आणि अंगात जुने कपडे. मागच्या चाकांवरचे कमानीचे पत्रे, पायऱ्यांचा खड्डा, बॅटरीचा कप्पा, तळाखालच्या आडव्या पोलादी पट्ट्या आणि बॉडी चेसिसला धरणारे क्लॅम्प, इथे ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर वरवरचा तांबूस गंज घासून निघेल. बद्द आवाज आला किंवा पेचकस आत रुतला तर परत फिरा.

इंजिन सुरू करण्याआधी त्याला हात लावा. गरम असेल तर विकणाऱ्यानं ते आधीच चालू करून ठेवलंय, आणि थंड इंजिन कसं सुरू होतं हे तुम्हाला कळणार नाही. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. अहवालात सोडियम किंवा पोटॅशियम जास्त आलं तर कूलंट तेलात झिरपत असण्याची शक्यता मोठी. एअर ब्रेक असतील तर टाकी पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा. मिनिटभरात दोन पीएसआयपेक्षा (पौंड प्रति चौरस इंच) जास्त दाब उतरता कामा नये. पाय दाबून धरला तर तीनपेक्षा जास्त नको. टायरवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल: ३४१८ म्हणजे २०१८ चा चौतिसावा आठवडा. सात वर्षांपुढचे टायर, विशेषतः पुढचे दोन, नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदलायचे. सहा टायरना दोन ते साडेतीन हजार डॉलर लागतात. ते बसच्या किमतीतच धरा.

बोली लावण्याआधी दोन फोन करा. पहिला विमा एजंटला. घरी बदललेल्या बसचा विमा बऱ्याच कंपन्या नाकारतात, आणि लाकडाची शेगडी बसवली तर आणखी काही नाकारतात. कोण देईल, कोणत्या अटींवर, हे लेखी घ्या. दुसरा फोन जागेसाठी. मॉरिसव्हिलमधल्या बहुतेक वसाहतींत दारासमोर पस्तीस फुटी बस उभी करू देत नाहीत, आणि ग्राइंडरचा आवाज तर शेजारी चालवूनच घेणार नाहीत. चॅथम किंवा जॉन्स्टन काउंटीत शेडसह, वीज असलेली जागा भाड्यानं मिळाली तर उत्तम. शेड नसेल तर पावसाळी शनिवार-रविवार फुकट जातात, आणि उघडा केलेला पत्रा पुन्हा गंजतो.

आता कामाकडे. तुमच्या पत्रात कपाटं, ओटा, टाइल आहेत. तळ आणि छत नाहीत. आमचा सगळा आग्रह इथेच आहे. बसचं घर बिघडतं ते पाण्यानं आणि वजनानं. कपाट वाकडं झालं तर पुन्हा करता येतं. कपाटाखाली तळ गंजला तर घर मोडून आत जावं लागतं. जे शेवटी झाकलं जाणार आहे त्यावरच आधी वेळ आणि पैसा घाला.

सुरुवात आसनं काढण्यापासून. एक जण आत, एक जण खाली पान्यानं नट धरून, असं सुरू होतं, पण अर्धे बोल्ट गंजून बसलेले असतात. ते साडेचार इंची ग्राइंडरनं कापा. कापायच्या चकत्या पंचवीस-तीस आणून ठेवा. ठिणग्या रबराला आणि फोमला लागतात, म्हणून आसनांचं कापड आधी काढा आणि पाण्याची बादली, अग्निशामक हाताशी ठेवा. मग रबर, मग प्लायवूड. त्यानंतर छताचे पत्रे. ते काढायचा कंटाळा करू नका. त्यांच्यामागे काचतंतूंची जुनी गादी असते, बहुधा ओली आणि उंदरांनी पोखरलेली. पी-१०० (बारीक धूळ गाळणारा) मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. मुलीला त्या दिवशी घरी ठेवा.

सगळं उघडं झालं की, गंजाला हात लावण्याआधी, पाण्याची परीक्षा घ्या. बाहेरून एकानं बागेचा पाइप धरायचा, आत एकानं टॉर्च आणि खडू. पाणी खालून वर न्यायचं: आधी खिडक्यांच्या खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग छताचे जोड, शेवटी आपत्कालीन झडपा आणि छतावरचे दिवे. एकदम वरून ओतलं तर कुठून गळतं ते कळत नाही. गळणाऱ्या जागी जुनं सीलंट खरवडून पॉलियुरेथेन सीम सीलर भरा. सिलिकॉन वापरू नका. त्यावर रंग धरत नाही आणि पुढे दुसरं कोणतंही सीलंट चिकटत नाही. छतावर शेवटी पांढऱ्या इलास्टोमेरिक (रबरासारख्या ताणणाऱ्या) लेपाचे दोन हात द्या. कॅरोलिनाच्या जुलैत त्याचा फरक आत उभं राहिल्या राहिल्या जाणवतो.

खिडक्या सगळ्या ठेवण्याचा विचार सोडा. त्या एकेरी काचेच्या असतात, प्रत्येक खिडकी गळण्याची एक जागा असते, आणि कपाट, न्हाणी, फ्रिज खिडकीसमोर येतात तेव्हा त्या कोणालाच दिसत नाहीत. बावीसपैकी दहा ठेवा: जेवणाच्या जागी, ओट्यासमोर, झोपायच्या ठिकाणी. बाकीच्या काढून तिथे १८ गेजचा पत्रा रिव्हेटनं बसवा, वरच्या पत्र्याची कड खालच्यावर येईल असा, मध्ये सीम सीलर. उलटी कड ठेवली तर पाणी थेट आत जातं. ठेवलेली प्रत्येक खिडकीसुद्धा उतरवून, घासून, नव्या ब्यूटिल (चिकट रबराच्या) पट्टीवर पुन्हा बसवायची. दोघांना मिळून एका खिडकीला तास-दीड तास धरा.

तळाचा गंज तारेच्या ब्रशनं पूर्ण घासा. फॉस्फोरिक आम्लाचा गंजरोधक लावा, दिवसभर सुकू द्या, मग इपॉक्सी प्रायमर आणि इनॅमलचे दोन हात. आसनांच्या बोल्टांची भोकं शंभराच्या वर निघतात. त्यांवर नाणी चिकटवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी सांगतात. ती टाळा; नाण्यातल्या जस्त-तांब्याचा आणि पोलादाचा ओलाव्यात मेळ बसत नाही आणि गोंद सुटतो. छोट्या भोकांत सीलंट लावून स्टेनलेस बोल्ट आवळा, मोठ्यांवर १६ गेजचा तुकडा वेल्ड करा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढा आणि इंजिनाच्या संगणकाचे जोडही सोडा, नाहीतर तो जळतो. खाली डिझेलची टाकी, ब्रेकच्या नायलॉन नळ्या आणि वायरी कुठून गेल्यात ते आधी पाहून खडूनं वर आखून घ्या, आणि वेल्डिंग संपल्यावर तासभर कोणीतरी तिथे थांबा.

मग इन्सुलेशन. तळाला २५ पीएसआय दाब सोसणारं एक इंची एक्सपीएस फोम (पॉलिस्टायरीनचे कडक तक्ते), त्यावर अर्धा इंची प्लायवूड, दोन्ही चिकटवून. स्क्रू पत्र्यातून आरपार घालू नका. आत्ताच बुजवलेली भोकं पुन्हा पाडल्यासारखं होईल. भिंती आणि छताला बंद पेशींचा स्प्रे फोम दोन इंच. तो महाग आहे, पण बसच्या वळणांत तो असा बसतो की पत्र्याला हवा लागत नाही. हवा लागत नाही म्हणून दव धरत नाही. तीन माणसांचा श्वास आणि रोजचा भात यांची वाफ थंड पत्र्यावर जमून भिंतीच्या आत ओघळते, आणि बाहेरून एक थेंब न येताही घर ओलं होतं. फोमचे बोर्ड कापून बसवले तर त्यांच्यामागे हवेची पोकळी राहते, तिथे हेच होतं. फोम मारण्याआधी लाकडी पट्ट्या कमानींना ठोकून घ्या आणि वायरींच्या नळ्या टाकून ठेवा. फोम उघडा ठेवायचा नाही. तो पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, त्यामुळे प्रत्येक इंच लाकडानं झाकायचा.

आता सुतारकाम. तुमचे पती घरातल्या कपाटांसारखी कपाटं करतील तर ती पहिल्या हजार मैलांत करकरायला लागतील. चालती बस पिळवटते. नुसत्या खिळ्यांचे जोड सैल होतात. प्रत्येक जोडाला गोंद आणि स्क्रू दोन्ही हवेत. कपाटं तळाला धरायची नाहीत. खिडक्यांखाली जी जाड पोलादी पट्टी असते, जिच्यावर आसनांची भिंतीकडची बाजू टेकलेली असते, तिला आणि कमानींना बोल्टनं आवळायची. दारांना चुंबक पुरत नाही, दाबून अडकणारी कडी लावा. ओक फक्त चौकटींना वापरा, फळ्यांना अर्धा इंची बर्च प्लाय. दिसायला फरक नाही, वजनाला खूप आहे.

ग्रॅनाइट नको. सव्वा इंचाचा ग्रॅनाइट चौरस फुटाला अठरा-एकोणीस पौंड भरतो; वीस चौरस फुटांचा ओटा म्हणजे पावणेचारशे पौंड, तेही एका बाजूला. शिवाय सिंकच्या भोकापाशी तो तडकतो. दीड इंची मेपलचा बुचर ब्लॉक (लाकडी पट्ट्या चिकटवून केलेला जाड पाट) त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा असतो, आणि चिरतो तेव्हा दुरुस्त होतो. टाइलचंही तेच: टाइल टिकेल, मधल्या फटीतला माल टिकणार नाही, आणि न्हाणीतलं पाणी त्या नव्या तळावर जाईल. फायबरग्लासची अखंड बैठक आणि भिंतींना एफआरपीचे (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचे) पत्रे लावा. हातकाम दाखवायला बाकीचं घर आहे.

वजन कसं मांडायचं, हे कागदावर आधी ठरवा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पट्टीवर बसचं कमाल वजन आणि प्रत्येक ॲक्सलचं वजन लिहिलेलं असतं. बस रिकामी झाल्यावर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर तोला, काम अर्ध्यावर आल्यावर तोला, शेवटी टाक्या भरून तोला. साठ गॅलन पाणी म्हणजे पाचशे पौंड, म्हणून पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे आणि शक्य तितकी मध्यभागी. मागच्या चाकांमागचा भाग सगळ्यात जास्त उसळतो. तिथे पलंग चालेल, बरण्या नाहीत.

ओटा दोन ॲक्सलच्या मध्ये घ्या. आणि इंडक्शनच घ्या. एक पौंड प्रोपेन गॅस जळला की सुमारे १.६ पौंड पाणी हवेत जातं, आणि ते कुठे जातं हे वर आलंच. गॅसची टाकी, नळ्या, गळती, विमा, हे सगळेच प्रश्न त्याबरोबर सुटतात. घडीच्या पोळ्या तव्यावरच भाजल्या जातात, इंडक्शनवर त्या छान होतात. तवा लोखंडी आणि सपाट बुडाचा हवा, आपला खोलगट तवा चालत नाही. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शन बुडाचा नाहीतर स्टीलचा घ्या. थेट जाळावर फुगवायचे फुलके आणि भाजायची वांगी बाहेर, छोट्या शेगडीवर.

फोडणीचा विचार मात्र अमेरिकन आराखडे करत नाहीत, तुम्ही करा. छतावरचा नेहमीचा पंखा ओट्यावर बसवला तर तेलाची वाफ पात्यांवर आणि त्याच्या जाळीवर बसते, आणि काही महिन्यांत तो चिकट होऊन जाम होतो. छताच्या पाइन फळ्याही पिवळ्या पडतात. ओट्याच्या वर बॅफल फिल्टरचा (तेल अडवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा), भिंतीतून थेट बाहेर जाणारा हूड हवा, किमान २५० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा ओढणारा. तो चालू असताना समोरची एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, नाहीतर बंद बसमधून ओढायला हवाच नसते. ओट्यामागच्या भिंतीला स्टेनलेसचा पत्रा लावा, आणि धुराचा अलार्म झोपायच्या भागाकडे.

इंडक्शन घेतलं की विजेचा हिशेब बदलतो. दिवसाला फ्रिज ६०० वॅट-तास, पंखे २५०, दोन लॅपटॉप आणि राउटर ८५०, दिवे आणि पाण्याचा पंप १५०, इंडक्शन दोन वेळचं १,२००, मिक्सर ६०. एकूण सुमारे ३,१००. यासाठी २४ व्होल्टची, २८० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. ती सात हजारांवर वॅट-तास धरते, म्हणजे सूर्य नसतानाही सुमारे दोन दिवस निघतात. छतावर ४०० वॅटचे चार सौर पॅनेल. उन्हाळ्यात ते दिवसाच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त देतील, डिसेंबरात सपाट छतावर जेमतेम तीन हजार. ३,००० वॅटचा इन्व्हर्टर २४ व्होल्टवर दीडशे अँपिअरपर्यंत ओढतो, म्हणून २/० जाडीची तांब्याची केबल आणि बॅटरीला अगदी लागून २०० अँपिअरचा क्लास-टी फ्यूज. लिथियमच्या शॉर्ट सर्किटमधला प्रचंड प्रवाह तोडायला साधा फ्यूज पुरा पडेलच असं नाही. १२ व्होल्ट घेतले तर प्रवाह दुप्पट आणि केबल बोटापेक्षा जाड होते. ही बॅटरी गोठणबिंदूखाली, ३२ अंशांच्या खाली, चार्ज करायची नसते, म्हणून ती बसच्या पोटात न ठेवता इन्सुलेशनच्या आत ठेवा. वायरी बारीक तारांच्या, जहाजाच्या दर्जाच्या. एकाच जाड तारेची घरगुती वायर कंपनानं जोडापाशी तुटते. इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या मधलं काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

एसी या हिशेबात नाही. बारा हजार बीटीयूचा मिनी-स्प्लिट (छोटा स्प्लिट एसी) बसवा, पण तो मुख्यतः कॅम्पग्राउंडच्या विजेवर चालेल असं धरा. थंडीसाठी तोच, आणि जोडीला बसच्याच टाकीतून पिणारा डिझेल हीटर. त्याच्या धुराची नळी खिडकीखाली किंवा दारापाशी बाहेर काढू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अत्यावश्यक.

मुलगी आणि सासूबाई यांच्याबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मोठ्या शाळेच्या बसना प्रवाशांसाठी पट्टे संघराज्याच्या कायद्यानं सक्तीचे नाहीत. उंच, गुबगुबीत पाठीची आसनं एकमेकांजवळ ठेवून, धक्क्यात मूल दोन आसनांच्या मध्ये अडून राहील, अशी ती रचना असते. तुम्ही आसनं काढलीत की ती सुरक्षितता गेली. म्हणून तीन बिंदूंचा पट्टा आतच बसवलेली, पुढे तोंड असलेली दोन आसनं विकत घ्या, आणि ती जाणकार वेल्डरकडून तळाखाली पोलादी पट्ट्या देऊन बसवून घ्या. त्यांच्या पायाखाली फोम नको, पोलादी नळीचा आधार हवा. लाकडी बाकाला पट्टा लावून कोणालाही बसवू नका. बस चालू असताना पलंगावर कोणी झोपायचं नाही. मागचं आपत्कालीन दार पलंगानं बंद करू नका. पलंग आडवा घेऊन त्या दारापर्यंत वाट ठेवा. सासूबाईंसाठी पलंगाची उंची अठरा-वीस इंच, म्हणजे बसल्यावर पाय टेकतात, शौचालय चार पावलांवर, आणि दारात पहिल्या पायरीखाली ओढून काढायची एक जादा पायरी नि धरायला दांडा. बसची पहिली पायरी जमिनीपासून फुटाच्या वर असते, ती गुडघ्यांना जड जाते.

सहा महिन्यांत हे होणार नाही. दोघांचे शनिवार-रविवार धरले तर वर्ष ते दीड वर्ष. घाई झाली की लोक नेमकं छत उघडणं आणि खिडक्या काढणं टाळतात. सासूबाई मे महिन्यात आल्या की त्यांना घरीच ठेवा, आणि तोवर पत्रा, छत, फोम झालेला असला तर तुम्ही वेळेवर आहात.

पैशांचं म्हणाल तर अंदाज असा धरा: बस सहा हजार, टायर आणि यांत्रिक काम चार, गंज-छत-खिडक्या दोन, फोम साडेतीन, वीज पाच, पाणी आणि शौचालय दोन, एसी-हीटर दोन, लाकूडकाम चार. साडेअठ्ठावीस झाले, आणि पंधरा टक्के अनपेक्षित खर्चाचे धरले तर तेहतीस. तीन हजारांची तूट लाकूडकामातून काढा, फोम किंवा टायरमधून नाही. ओट्यावरची कपाटं पहिल्या वर्षी नसली तरी चालतं.

शेवटी कागद. अनेक राज्यांत बस मोटारहोम म्हणून नोंदवायला सहापैकी चार सोयी दाखवाव्या लागतात: स्वयंपाक, फ्रिज, शौचालय, उष्णता किंवा एसी, नळासह पिण्याचं पाणी, स्वतंत्र वीज किंवा गॅस. ही नोंद बदलली की विमा सोपा होतो, आणि २६,००० पौंडांवरच्या बसलाही बहुतेक ठिकाणी व्यावसायिक परवाना लागत नाही. मात्र काही राज्ये त्या वजनाला वेगळा बिगर-व्यावसायिक परवाना मागतात, तेव्हा बस घेण्याआधी मोटार खात्यात तिच्या पट्टीवरचं कमाल वजन सांगून विचारा. बस घरी आणतानाच ‘स्कूल बस’ ही अक्षरं झाका, लाल दिवे आणि थांबा-फलकाचा हात निकामी करा. पिवळा रंगही बदलायचा आहे. तो रंग १९३९ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमध्ये फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत ठरला, आणि कित्येक राज्यांत शाळेबाहेरच्या वाहनाला तो ठेवता येत नाही. झाकण्याआधी प्रत्येक थराचे फोटो काढा, वजनाच्या पावत्या आणि बिलं एका फायलीत ठेवा. विमा कंपनी आणि मोटार खातं, दोघंही तेच मागतात. पॅनेल बसवून झाले की जमिनीपासून सगळ्यात उंच टोकापर्यंत बस मोजा आणि तो आकडा ड्रायव्हरसमोर चिकटवा. डरहॅमला ग्रेगसन रस्त्यावरचा रेल्वेपूल २०१९ मध्ये उचलून ११ फूट ८ इंचांवरून १२ फूट ४ इंचांवर नेला, आणि तरीही त्याखाली गाड्या अडकतात. तुमची बस साडेअकरा फुटांच्या आत ठेवा.